न लढलेल्या जहाजाची सर्व्हिस

वेलिंग्टनहून उटी ओलांडून गुडालूरला यायचं आणि तिथून नाडुकाणीचा घाट उतरायचा. निलगिरीची थंडी मागे पडते, गाडीतच स्वेटर निघतात आणि काही तासांत आपण केरळातल्या निलांबूरला, चालियार नदीच्या काठी येतो. तिथे सागवानाची एक जुनी लागवड जपून ठेवली आहे. तिला कोनोली प्लॉट म्हणतात. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली आणि त्याचे सहकारी चातू मेनन यांनी ती लावली. जगातल्या सगळ्यात जुन्या सागवान लागवडींमध्ये तिची गणना होते. झाडाच्या बुंध्याला मिठी मारायची म्हटली तर एका माणसाचे हात पुरत नाहीत.

मागच्या महिन्यात आम्ही चौघं तिथे होतो: मी, बायको, आमची पंधरा वर्षांची मुलगी आणि माझा नेव्हीतला कोर्समेट. तो वेलिंग्टनला एका लेक्चरसाठी आला होता आणि रविवार मोकळा होता. खडकवासल्याला आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो. पीकॉक बेवर एकाच व्हेलर बोटीत बसून, तळहाताला फोड येईपर्यंत वल्ही मारली आहेत. पुढे तो पांढऱ्या गणवेशात गेला आणि मी हिरव्या, पण एकमेकांना शिव्या द्यायचा हक्क दोघांनीही सोडलेला नाही.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती लपवून हा लेख लिहिणं खोटेपणाचं होईल. त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी माझ्या प्रमोशन बोर्डाचा निकाल आला होता आणि यादीत माझं नाव नव्हतं. ही शेवटची संधी होती. सैन्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की आमची रचना पिरॅमिडसारखी आहे. वर जाल तशा खुर्च्या कमी होत जातात आणि चांगली माणसंही कुठल्यातरी पायरीवर थांबतात. माझी पायरी ही. तक्रार नाही. पण तक्रार नसली म्हणजे झोप लागतेच असं नाही. बायकोला सांगितलं होतं, मुलीला सांगायचं राहिलं होतं. मित्राला मी काही बोललो नव्हतो, पण अशा बातम्या कोर्समेटपर्यंत आपल्याआधी पोचतात. त्याने विचारलं नाही, यातच मला कळलं की त्याला माहीत आहे.

झाडाच्या बुंध्यावर थाप मारून तो म्हणाला, "ह्यांच्या खापरपणजोबांचं जहाज मी पाहिलंय. अजून तरंगतंय."

ते जहाज म्हणजे एचएमएस ट्रिंकोमाली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं बंदर आहे, तिथे ते उभं आहे. १८१७ साली आपल्या मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानातून बांधलेलं. पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सगळ्यात जुनी युद्धनौका म्हणून आज त्याची ओळख आहे.

मुलीने लगेच विचारलं, "काका, ते कुठली लढाई लढलं?"

"मोठी म्हणावी अशी एकही नाही."

"मग ठेवलंय कशाला?"

आम्ही दोघं हसलो, पण उत्तर कोणीच दिलं नाही. परत येताना घाटभर मी तेच डोक्यात घोळवत होतो. हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. पटतं का पाहा.

आधी त्या जहाजाची सर्व्हिस सांगतो. सूरतहून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गोदी सांभाळली. त्यांच्याच घराण्यातले जमशेटजी बोमनजी वाडिया हे ट्रिंकोमालीचे मुख्य बांधणीकार. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाने ब्रिटिश आरमाराला जहाजांची कायमची भूक लागली होती आणि इंग्लंडमधलं ओक लाकूड कमी पडत होतं. सागवान ओकपेक्षा जास्त टिकतं. त्याला किडा सहजासहजी लागत नाही, त्याच्या तेलामुळे आतले लोखंडी खिळे-बोल्ट गंजत नाहीत. उलट ओकमधल्या आम्लामुळे लोखंड खाल्लं जातं. आपले सुतार हे पुस्तकं न वाचता जाणून होते.

१८१२ साली या फ्रिगेटची ऑर्डर निघाली. नकाशे मुंबईला पाठवले ते 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाने जावाला हरवलं आणि नकाशे गेले. पुन्हा नकाशे मागवण्यात वेळ गेला. त्याच जावावर मुंबईकडे नेमणुकीवर निघालेले एक जनरल होते, सर थॉमस हिस्लॉप. तेही कैद झाले आणि नंतर सुटले. पुढे डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांचं नेतृत्व करणारे हिस्लॉप ते हेच.

१८१६ मध्ये जहाजाचा कणा घातला गेला. पारशी रिवाजाप्रमाणे वाडियांनी त्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. ही तारीख मराठी माणसाने जरा थांबून वाचावी. त्यानंतर चारच आठवड्यांच्या आत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. मी बॉम्बे सॅपर्सचा अधिकारी आहे, आमचं रेजिमेंटल सेंटर त्याच खडकीला आहे. मुंबईच्या गोदीत आपल्याच सुतारांनी घडवलेलं जहाज पाण्यात उतरत होतं आणि घाटावर पुण्याच्या राज्यावर लढाई यायला महिनाही उरला नव्हता. म्हणून 'आपण बांधलेलं जहाज' असं म्हणताना मी छाती थोडी बेतानेच फुगवतो. हात आपले होते, लाकूड आपलं होतं, झेंडा आपला नव्हता.

त्याहून मोठी गंमत म्हणजे ज्या युद्धासाठी ऑर्डर निघाली, ते युद्ध जहाज पाण्यात उतरण्याआधी दोन वर्षं संपलं होतं. वॉटर्लू १८१५ ची. १८१९ च्या सुरुवातीला ट्रिंकोमाली इंग्लंडच्या वाटेवर सेंट हेलेना बेटावर काही दिवस थांबलं. तिथे नेपोलियन नजरकैदेत होता. त्याला तपासणारे डॉक्टर स्टोको याच जहाजातून इंग्लंडला निघाले. ज्याच्याविरुद्ध लढायला बांधलं, त्याच्या डॉक्टरला सोडायला जायचं. पहिली ड्यूटी ही.

एप्रिल १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचल्यावर जहाज राखीव दलात टाकलं गेलं. युद्ध नव्हतं, आरमार कमी होत होतं. डोलकाठ्या उतरवल्या, वर छप्पर घातलं आणि ते नुसतं उभं राहिलं. थोडीथोडकी नाही, पंचवीसहून अधिक वर्षं. १८४५ च्या सुमारास बाहेर काढलं, तेव्हा त्याचा नमुना जुना झाला होता. मागची बाजू बदलली, तोफा ४६ वरून २६ केल्या आणि कॉर्व्हेट म्हणून १८४७ मध्ये पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कामावर पाठवलं. वयाच्या तिशीत पहिलं पोस्टिंग!

पहिली कामगिरी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या भागात. गुलामांची वाहतूक रोखणारी गस्त, दंगलींच्या वेळी बंदरात नुसतं उभं राहून धाक ठेवणं, मग न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरचा थंड किनारा. १८५० मध्ये परत. दुसरी कामगिरी १८५२ ते १८५७, प्रशांत महासागरात. मधे क्रिमियाचं युद्ध झालं, पण जहाज नावाजलेल्या लढाईत उतरलं नाही. गस्त घातली, रसद आणि माणसं पोचवली, उपस्थिती दाखवली. आजही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बेटांमधल्या एका सामुद्रधुनीला या जहाजाचं नाव आहे. शेजारच्या एका वाटेला त्याच्या कप्तानाचं, हाउस्टनचं.

आणि एक गोष्ट जी गाळून पुढे जाता येत नाही. १८५६ मध्ये व्हँकुव्हर बेटाचे गव्हर्नर जेम्स डग्लस याच जहाजातून सुमारे चारशे माणसं घेऊन काउइचन लोकांच्या मुलखात उतरले. एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडणाऱ्या त्यांच्यातल्या माणसाला पकडलं, तिथेच खटला चालवला आणि त्याच्याच लोकांसमोर फाशी दिली. गोळी लागलेला माणूस वाचला होता. सर्व्हिस रेकॉर्ड म्हणजे सगळं रेकॉर्ड. सोयीचं पान ठेवून गैरसोयीचं फाडता येत नाही.

१८६० नंतर जहाज म्हातारं झालं. वाफेची इंजिनं आणि लोखंडी जहाजं आली होती. मग ट्रिंकोमाली ट्रेनिंग शिप झालं, आधी संडरलंड, मग हार्टलपूल, मग साउथॅम्प्टन. शेवटी १८९७ मध्ये भंगारात विकलं गेलं. त्याच वर्षी जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाचं जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. ते नेल्सनचं एके काळचं ध्वजनौका 'फूद्रोयाँ'. कॉब त्यावर मुलांना दर्यावर्दीपण शिकवायचे. त्यांनी भंगारवाल्याकडून ट्रिंकोमाली विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि बुडालेल्या जहाजाचं नाव त्याला दिलं. मुंबईचं जहाज पुढची जवळजवळ नव्वद वर्षं दुसऱ्याच्या नावाने जगलं. फॅल्मथला, मग पोर्ट्समथला मुलं-मुली त्यावर राहायला यायची, झुल्यात झोपायची, डेक घासायची, गाठी शिकायची. १९८६ पर्यंत हे चाललं. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणलं. गोदीकाम बंद पडल्याने बेकार झालेल्या त्या गावातल्या कारागिरांनी दहा वर्षांहून जास्त काळ खपून ते पुन्हा उभं केलं. १९९२ मध्ये त्याला मूळ नाव परत मिळालं. आजही त्यातलं निम्म्याहून अधिक लाकूड मूळचं, म्हणजे मुंबईत बसवलेलं आहे.

झाली सर्व्हिस. दोनशे वर्षांत एकही गाजलेली लढाई नाही.

आता मुलीचा प्रश्न. मग ठेवलंय कशाला?

पहिलं उत्तर सोपं आहे आणि ते खोटं आहे. 'ते लढलं नाही म्हणून टिकलं.' यात तथ्य नाही असं नाही. त्याच नमुन्याचं 'युनिकॉर्न' हे १८२४ चं जहाज स्कॉटलंडमध्ये डंडीला अजून आहे आणि तेही कधी लढाईवर गेलं नाही. पण नुसतं न लढणं कोणाला टिकवत नाही. याच नमुन्याची काही जहाजं १८१२-१३ च्या घाईत इंग्लंडमध्येच मऊ लाकडात बांधली गेली. ती काही वर्षांतच सडून मोडीत निघाली. टिकायला आधी लाकूड चांगलं लागतं आणि ते बसवणारा हात चांगला लागतो.

आणि नुसती लढाईही कोणाला वाचवत नाही. पोर्ट्समथला ट्रिंकोमालीच्या शेजारी 'इम्प्लॅकेबल' नावाचं जहाज उभं असायचं. मूळ फ्रेंच, ट्राफल्गारला लढलेलं, त्यानंतर दोनच आठवड्यांत इंग्रजांनी पकडलेलं. ट्राफल्गार पाहिलेली मोजकीच जहाजं तेव्हा उरली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च कोणाला परवडेना. डिसेंबर १९४९ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटन, दोन्ही देशांचे झेंडे लावून, सुरुंग लावून ते समुद्रात बुडवलं. सलामी दिली आणि बुडवलं. ट्राफल्गारचा मान त्याला वाचवू शकला नाही.

आपणही यात मागे नाही. आपली पहिली विमानवाहू विक्रांत आठवा. तिची कथा ट्रिंकोमालीसारखीच सुरू होते. १९४५ मध्ये इंग्लंडात 'हर्क्युलिस' म्हणून पाण्यात उतरली, युद्ध संपलं, काम थांबलं आणि ती वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहिली. १९५७ मध्ये आपण घेतली, १९६१ मध्ये आपल्या आरमारात आली. फरक इतकाच, की विक्रांत लढली. १९७१ मध्ये तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवले. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली, मग तेही बंद पडलं आणि २०१४ मध्ये सुमारे साठ कोटींना भंगारात गेली. तिच्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या. कुणी म्हणेल, पैसे कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. फौजी माणसाला बजेट कळतं. जुन्या विमानवाहूच्या खर्चात नव्या बोटी येतात हेही कळतं. मी सरसकट सगळं जपा असं म्हणत नाही. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी, कारवारला चपल ही क्षेपणास्त्र नौका आपण जपल्या आहेतच आणि तिथे मुलांच्या रांगा लागतात. माझं म्हणणं वेगळं आहे. विक्रांतच्या वेळी आपण भाषणं लढाईची केली आणि हिशोब भंगाराचा. मधली पंचवीस-तीस वर्षं तिच्या डेकवर जे वैमानिक आणि खलाशी घडले, ते दोन्हीत कुठे आलंच नाही.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

कारगिलच्या वेळी मी खडकवासल्याला थर्ड टर्ममध्ये होतो. रोज रात्री अँटे-रूममध्ये टीव्हीसमोर गर्दी व्हायची. आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असलेले अधिकारी टोलोलिंग आणि टायगर हिलवर होते. आम्हाला वाटायचं, आपली पाळी येईपर्यंत हे संपू नये. अठरा-एकोणिसाव्या वर्षी माणूस असलं काहीतरी बोलतो, त्याला माफ करावं. डिसेंबर २००१ मध्ये मी कमिशन झालो. पासिंग आउट परेडला जेमतेम काही दिवस झाले आणि १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला. सुट्टी रद्द. थेट राजस्थानच्या सीमेवर.

ऑपरेशन पराक्रम. सुमारे दहा महिने सगळी फौज सीमेवर उभी होती आणि युद्ध झालं नाही. आम्ही सॅपर्स, आमचं काम सुरुंग पेरायचं. रात्री पेरायचे, नकाशावर नोंदवायचे, कुंपण घालायचं. मग ऑक्टोबर २००२ मध्ये हुकूम आला, परत फिरा. बाकीचे परत गेले. पेरलेले सुरुंग काढायला आम्ही थांबलो.

वाळू ही नकाशा मानत नाही. वाऱ्याबरोबर टेकडी सरकते आणि टेकडीबरोबर सुरुंगही. नोंदीत जिथे असायला हवा तिथे तो नसतो. माझ्या हाताखालचा एक सॅपर, सातारा जिल्ह्यातला, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, नोंदीप्रमाणे साफ झालेल्या लेनमध्ये पाऊल टाकताना उजवा पाय घोट्यापासून गमावून बसला. मी वीस पावलांवर होतो. त्याला उचलताना तो मला म्हणाला, "साहेब, पुढची रांग तपासा, तीपण सरकली असणार." ती सरकली होती. त्या दिवशी तिथून आणखी कोणी गेलं नाही, ते त्याच्यामुळे.

त्याला शौर्यपदक मिळालं नाही. युद्धच नव्हतं. मी नंतर राष्ट्रीय रायफल्समध्ये होतो, ईशान्येत रस्ते बांधले, पुरात पूल टाकले, दोन वेळा इन्स्ट्रक्टर राहिलो. माझ्या सर्व्हिसमध्ये 'गाजलेली लढाई' नावाचा रकाना रिकामा आहे. गुरुवारी यादीत नाव नाही म्हटल्यावर पहिला विचार मनात आला तो हाच: चोवीस वर्षं राखीव दलात छपराखाली उभा होतो की काय?

हा विचार माझ्या एकट्याचा नाही. माझ्या पिढीतले पुष्कळ जण आतल्या आत हेच म्हणतात. गावी गेलं की ओळख करून देणारा विचारतो, "साहेब, कुठलं युद्ध?" आणि आपण चाचरतो. शाळेत भाषणाला बोलावतात, तेव्हा मुलांना गोळीबाराची गोष्ट हवी असते. टीव्हीवरची चर्चा, सिनेमे, भिंतीवरच्या पाट्या, सगळीकडे फौज म्हणजे लढाईचा दिवस. उरलेले दिवस म्हणजे वाट पाहणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही फौजीसुद्धा हेच मानायला लागतो. मला यालाच विरोध करायचा आहे.

लढाई न होणं हे फौजेचं अपयश नाही, बऱ्याचदा तेच तिचं काम असतं. ट्रिंकोमाली बंदरात उभं राहिलं म्हणून काही ठिकाणी गोळी चालली नाही. न चाललेल्या गोळीची नोंद कुठल्या पाटीवर करायची? पंचवीस वर्षं राखीव राहिलेलं जहाजसुद्धा रोज कोणीतरी तपासत होतं. पाणी उपसत होतं, सांधे भरत होतं. त्या माणसांची नावं कोणाला ठाऊक नाहीत, पण १८४७ मध्ये जहाज बाहेर पडू शकलं ते त्यांच्यामुळे. तयारी म्हणजे आळस नव्हे. तयारी हे रोजचं, कंटाळवाणं, घामाचं काम आहे आणि ते करणाऱ्याला त्या दिवशी काहीच बक्षीस नसतं.

आणि त्या जहाजाची सगळ्यात मोठी सेवा तर तोफा उतरल्यावर सुरू झाली. आरमारी कामगिरीची त्याची वर्षं मोजली तर दहाच्या आत. शिकवण्याची वर्षं शंभराच्या घरात. किती मुलं त्या डेकवर पहिल्यांदा गाठ मारायला शिकली असतील, पहिल्यांदा आईपासून दूर झोपली असतील, आणि त्यातली किती पुढे दोन महायुद्धांत समुद्रावर गेली असतील? पीकॉक बेवरची आमची ती गळकी व्हेलर मला आठवते. तिनेही कुठली लढाई मारली नव्हती. पण माझा मित्र आज युद्धनौकेवर उभा राहतो, त्याची सुरुवात तिच्यात झाली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मीच मांडतो. 'हे हरलेल्याचं समाधान आहे. यादीत नाव असतं तर हा लेख लिहिला असतास का?' खरं सांगायचं तर नसता लिहिला. पण एखादी गोष्ट दुखल्यावर दिसली म्हणून ती खोटी ठरत नाही. आणि मी शौर्य कमी लेखत नाही. टोलोलिंग चढलेल्या माणसांपुढे माझी मान कायम खाली आहे, राहील. माझं म्हणणं एवढंच, की त्यांना चढता आलं ते आधीच्या पंधरा वर्षांत कोणीतरी त्यांना घासून तयार केलं होतं म्हणून. त्या कोणीतरीची नोंद आपण ठेवत नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली, जिथे जहाज, तोफ, रणगाडा जपून ठेवतो, तिथल्या पाटीवर पूर्ण सर्व्हिस लिहा. कुठे बांधलं, कोणी बांधलं, किती वर्षं उभं राहिलं, काय शिकवलं, कुठे चुकलं. काउइचनची फाशीसुद्धा लिहा. मुलं मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त समजूतदार असतात. दुसरी, प्रत्येक युनिट आपलं डायजेस्ट ऑफ सर्व्हिस ठेवतं, म्हणजे वर्षभराची नोंदवही. त्यात युद्धाच्या वर्षांना पानंच्या पानं मिळतात आणि शांततेच्या वर्षांना चार ओळी. त्या चार ओळींत माणसं हरवतात. जुने सुभेदार साहेब जिवंत आहेत तोवर त्यांना विचारून त्या ओळी भरा.

हे मी दुसऱ्याला सांगत नाही, स्वतःला सांगतोय. माझ्या युनिटचा इतिहास लिहायचं काम सध्या चालू आहे आणि २००१ ते २००३ चं प्रकरण माझ्याकडे आलंय. आधीचा मसुदा माझ्या टेबलावर आहे. त्यात एक वाक्य आहे: युनिटने ऑपरेशन पराक्रममध्ये भाग घेतला आणि सुरुंग काढण्याचं काम यशस्वीपणे पूर्ण केलं. सहा महिने मी हे प्रकरण टाळत होतो. बोर्ड होऊ दे, मग बघू, असं म्हणत होतो.

निलांबूरहून परतल्यावर रात्री मी साताऱ्याला फोन लावला. त्याचं गावात पिठाची गिरणी आणि छोटं दुकान आहे. दरवर्षी त्या तारखेला तो मला फोन करतो. या वेळी मीच अवेळी केल्यामुळे घाबरला. "साहेब, घरी सगळं बरं आहे ना?" मी सांगितलं, बरं आहे, आणि बोर्डाचंही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते जाऊ द्या साहेब. कोणाची पेन्शन अडली नाही ना?" मी म्हटलं, नाही. मग मी विचारलं, त्या दिवशी लेन कोणी मार्क केली होती, तुझ्या पुढे कोण होतं, मागे कोण होतं, नावं आठवतात का? दीड तास बोललो. त्याला सगळी आठवतात.

प्रकरण आता चौदा पानांचं झालंय.

मुलीलाही सांगितलं, यादीचं आणि त्या पायाचं, दोन्ही. तिने यादीबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, त्या काकांना भेटायला आपण कधी जायचं? सुट्टीत जाणार आहोत.

जय हिंद.